लग्नातली वासनाही पाप? (सल्ला हवा आहे)

नगरची_मडगावात
माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर गोव्यात सासष्टीतलं, कॅथलिक. लग्नाला चौदा महिने झाले. राखेच्या बुधवारी नवरा कपाळावर राख घेऊन घरी आला आणि रात्री गादी गुंडाळून बाहेरच्या सालात (इथे दिवाणखान्याला साल म्हणतात) नेऊन टाकली. "कोरेज्मांत नाका," एवढंच म्हणाला (कोरेज्म म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ). आज तिसरा आठवडा. सासूबाई पेज चढवायला उठायच्या आत मी ती गादी उचलून आत आणते.

खोदून विचारल्यावर कळलं, चर्चच्या कुठल्याशा रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) त्याने ऐकलं की स्वतःच्या बायकोकडे वासनेने बघणं हाही व्यभिचारच. आता दर शनिवारी कुमसाराला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) जातो. म्हणजे मी काय, कबूल करायची चूक? माणूस चांगला आहे हो. "बाहेर काही आहे का" हे कृपया विचारू नका, नाहीये. काय वाचावं, कोणाशी बोलावं ते सांगा.

बाल्कांवावरून
वाक्य खरं आहे, पण त्याने अर्धंच ऐकलंय. पोप दुसरे जॉन पॉल ८ ऑक्टोबर १९८० च्या बुधवारच्या भाषणात तसं बोलले, आणि इटलीतल्या वर्तमानपत्रांनी तेव्हाही असंच रान उठवलं होतं. त्यांचा रोख होता बायकोला आपली भूक भागवायची वस्तू समजण्यावर. बायको हवीशी वाटणं म्हणजे पाप, असं ते म्हणाले नव्हते. त्याआधी १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी सुईणींपुढे बोलताना स्पष्ट सांगितलं होतं की नवरा-बायकोने हे सुख शोधण्यात आणि भोगण्यात काहीही वाईट नाही.

थोडं_ग्रीक
बायबलमधल्या येशूच्या 'डोंगरावरच्या प्रवचना'त परस्त्रीकडे वासनेने बघण्याबद्दल जे क्रियापद आहे, त्याचं नाम 'एपिथुमिया', म्हणजे तीव्र इच्छा. लूकच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात येशू शेवटच्या भोजनाआधी शिष्यांना म्हणतो की हे भोजन तुमच्याबरोबर करायची मला फार इच्छा होती. तिथेही तेच शब्द! दुसऱ्याच्या घराचा, बायकोचा लोभ धरू नको या आज्ञेच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही तेच क्रियापद आहे. म्हणजे इच्छा कशाची आणि कशी, त्यावर सगळं आहे.

फोंडेकर
मी हिंदू, त्यामुळे गप्प बसणंच बरं. पण आमच्याकडे श्रावणात मासे सोडतात ते निदान घरात सांगून सोडतात.

नगरची_मडगावात
फोंडेकर, बऱ्याच दिवसांनी हसले.

जुनं_दप्तर
चर्चचा इतिहास इतकाही गोड नाही बरं का. जुन्या काळचे चर्चचे मोठे विचारवंत संत ऑगस्टीन यांच्या मते लग्नातसुद्धा मुलाच्या हेतूशिवाय, निव्वळ ओढीपोटी केलेला संग हा दोषच, क्षम्य असला तरी. मध्ययुगात उपवासकाळात नवरा-बायकोने दूर राहावं असे नियम होते. इथे कोरेज्मात सहसा लग्नं लावत नाहीत, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात ते सगळं एकात एक मिसळलंय. आजच्या कॅथलिक नियमांत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन उपवास आहेत, शुक्रवारी मांस वर्ज्य. अंथरुणाबद्दल एक ओळ नाही.

आता मुख्य गोष्ट. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७वा अध्याय काढा, ओळी ३ ते ५. पौल म्हणतो, एकमेकांना नाकारू नका; प्रार्थनेसाठी दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, तेही थोडाच काळ, आणि मग पुन्हा एकत्र या. तुमच्या नवऱ्याचं व्रत चुकलं असेल तर ते इथे: तुम्हाला विचारलंच नाही.

रात्रपाळी_नर्स
या ओळींबद्दल जरा सावध. बायकोला "नाही म्हणायचा हक्क नाही" असं बजावायला त्या वापरलेल्या मी वॉर्डात बायकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पोप सहाव्या पॉलनी १९६८ च्या पत्रात साफ लिहिलंय की जोडीदाराची स्थिती न बघता लादलेला संबंध हे प्रेमाचं कृत्य नव्हेच. हे दोन्ही बाजूंनी लागू. तेव्हा ताई, वचन दाखवा, पण काठीसारखं उगारू नका.

दोतोर्णीची_आत्ये
बाये, मी आणि आमचे हे लग्नाआधीच्या कोर्सला जोडप्यांशी बोलायचो. कुमसाराच्या जाळीआडून या गोष्टी सुटत नाहीत, तिथे पाच मिनिटं मिळतात आणि फादरला नवऱ्याचीच बाजू कळते. मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) दोघं मिळून फादरकडे जा. एकच विचारा: "एकट्याने घेतलेलं व्रत दोघांचं कसं?" आणि दूर राहायचंच असेल तर कुठले दिवस ते दोघं बसून ठरवा. आमचं शुक्रवार ठरलं होतं.

आणि सासूबाईंना कळलंय गं. सून पहाटे गादी उचलते हे न कळणारी सासू सासष्टीत अजून जन्माला यायची आहे.

नगरची_मडगावात
अपडेट. काल जेवणानंतर ७वा अध्याय त्यालाच मोठ्याने वाचायला दिला. 'संमतीने'वर अडखळला, मागे जाऊन पुन्हा वाचला. म्हणाला, "हें म्हाका कोणेंच सांगूंक ना." मग बराच वेळ बोललो. त्याला भीती वाटते की मी हवीशी वाटते तेव्हा तो माणूस राहत नाही. असं तो पहिल्यांदाच बोलला. रविवारी फादरकडे जातोय, दोघं.

गादी अजून सालातच आहे. रात्री त्याला विचारून माझी उशी तिथे नेली. सकाळी जाग आली तेव्हा ऊन आत आलेलं, आणि पेज अजून चढायची होती.