पहिलं वर्ष बोलोन्यात, दुसरं वॉशिंग्टनला: व्हिसा, पदवीची मान्यता आणि नावाचा घोळ

(मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खाडीपलीकडे

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साइस या संस्थेत आंतरराष्ट्रीय संबंधांच्या दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. पहिलं वर्ष इटलीतल्या बोलोन्याच्या केंद्रात आणि दुसरं वॉशिंग्टनला, असा पर्याय घ्यायचा विचार आहे. आधीची पदवी मुंबई विद्यापीठाची, राहणं कोपरखैरण्याला. चार गोष्टी कळत नाहीत:

१. हे केंद्र नक्की कोणाचं? बोलोन्या विद्यापीठाशी त्याचा संबंध काय?
२. व्हिसा इटलीचा, अमेरिकेचा की दोन्ही, आणि कोणता कधी?
३. अर्धी पदवी शाखेत झाली म्हणून भारतात अडेल का?
४. पैसे पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ गोळा करते तो कर) किती कापतात?

---

जुनी पेठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बाकीचे निम्मे सुटतात, म्हणून थोडं सविस्तर.

साइस १९४३ मध्ये पॉल नित्झ आणि ख्रिश्चन हर्टर यांनी वॉशिंग्टनमध्ये सुरू केली. १९५० मध्ये ती जॉन्स हॉपकिन्सचा भाग झाली आणि पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, सी. ग्रोव्ह हेन्स या प्राध्यापकांच्या पुढाकाराने बोलोन्याचं केंद्र उघडलं. जागा मुद्दाम निवडलेली होती. बोलोन्याचं विद्यापीठ स्वतःचा जन्म १०८८ चा सांगतं, आणि त्या काळात तिथली महापालिका कम्युनिस्टांकडे होती. जुझेप्पे दोत्सा १९४५ ते १९६६ सलग महापौर होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन विद्यापीठाने अशा शहरात युरोपीय आणि अमेरिकन मुलांना एका वर्गात बसवलं. परराष्ट्र धोरण शिकणाऱ्याला हा इतिहास माहीत हवाच.

हॉपकिन्सचं चीनमधल्या नानजिंगलाही केंद्र आहे, १९८६ चं, पण ते नानजिंग विद्यापीठाच्या भागीदारीत आहे. बोलोन्याचं तसं नाही, ते हॉपकिन्सचं स्वतःचं आहे. म्हणजे तुम्ही राहणार बोलोन्यात, पण बोलोन्या विद्यापीठाचे विद्यार्थी नसाल. गुणपत्रिका आणि पदवी हॉपकिन्सचीच.

पत्त्याबद्दल एक सूचना. आता तो व्हिया बेनियामिनो आंद्रेयात्ता ३ असा आहे, जुन्या कागदांत व्हिया बेल्मेलोरो ११ दिसेल. व्हिसाच्या अर्जात आणि घराच्या करारात प्रवेशपत्रावर छापलेलाच पत्ता टाका. हे आंद्रेयात्ता म्हणजे बोलोन्यात शिकवलेले अर्थतज्ज्ञ आणि पुढे इटलीचे मंत्री. १९६१ च्या सुमारास ते दिल्लीत आपल्या नियोजन आयोगाचे सल्लागार होते. आपल्या मुलांनी त्या रस्त्यावरून जाताना हे आठवावं असं वाटतं.

---

तीन हात नाका

इटलीकडचं सांगतो. पहिल्या वर्षासाठी फक्त इटलीचा डी प्रकारचा (दीर्घ मुदतीचा) शिक्षण व्हिसा लागतो, त्या वर्षी अमेरिकेच्या व्हिसाचा संबंध नाही. अर्ज मुंबईच्या व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात. प्रवेशपत्र, राहण्याची सोय, खर्चाची तरतूद, आरोग्य विमा आणि पासपोर्ट (व्हिसा संपल्यावर किमान तीन महिने चालणारा) ही मुख्य कागदपत्रं.

इथे एक चूक नेहमी होते. इंटरनेटवर सगळीकडे 'आधी युनिव्हर्सइटालीवर पूर्वनोंदणी करा' असं लिहिलेलं असतं. तो रस्ता इटालियन विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांचा. परदेशी विद्यापीठांच्या इटलीतल्या शाखांचा रस्ता वेगळा, त्यांना इटलीच्या १९९९ च्या ४ क्रमांकाच्या कायद्याचं कलम २ लागू होतं. त्यामुळे व्हिसासाठी नेमकं कोणतं पत्र लावायचं हे केंद्राच्या प्रवेश विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या आणि तो ईमेल अर्जाला जोडा. एजंटच्या यादीवर विसंबू नका.

पोचल्यावर कामाच्या ८ दिवसांत 'पेर्मेस्सो दी सोजोर्नो', म्हणजे वास्तव्याचा परवाना, याचा अर्ज टाकायचा असतो. 'स्पोर्तेल्लो आमिको' अशी पाटी असलेल्या पोस्टात त्याचा संच फुकट मिळतो. एका वर्षापर्यंतच्या परवान्याला ४० युरो, कार्डाचे ३०.४६, पोस्टाचे ३० आणि १६ युरोचं मुद्रांक तिकीट, म्हणजे एकूण ११६.४६. हे तिकीट पोस्टात नाही, 'ताबाक्की' दुकानात मिळतं, ते आधीच घेऊन जा. पाकीट बंद करून नेऊ नका, खिडकीवरचा माणूस कागद तपासतो. बोर्डिंग पास जपून ठेवा. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर प्रवेशाची तपासणी जर्मनीतच होते, इटलीत कधी आलात याचा पुरावा बोर्डिंग पासच.

पोस्टाची पावती मिळते, मग पोलिसांच्या 'क्वेस्तुरा' कार्यालयात बोटांचे ठसे, आणि कार्ड त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. व्हिसा संपला आणि हातात फक्त पावती असेल तर शेंगेनमधल्या (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशातून विमान बदलता येत नाही. सुट्टीत घरी येण्याचं तिकीट व्हिसाची तारीख बघूनच काढा. अडलंच तर दुबई किंवा इस्तंबूलमार्गे थेट बोलोन्या असा मार्ग बघा, पॅरिस-फ्रँकफर्ट नको.

घराचा करार नोंदणीकृतच हवा. 'वर्षभर तोंडी राहा, भाडं कमी करतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. युरोपबाहेरच्या माणसाला जागा दिली की मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं आणि त्या कागदाची प्रत पुढे मागतात. सरकारी आरोग्य सेवेत स्वेच्छेने नाव घालायचं तर विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला ७०० युरो पडतात, आणि ते जानेवारी ते डिसेंबर असं धरतात. सप्टेंबरमध्ये भरलेले चारच महिने चालतात. म्हणून पहिल्या वर्षी खासगी विमा परवडतो.

---

पारसिक बोगदा

दुसऱ्या वर्षाचं. वॉशिंग्टनसाठी आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रमाणपत्र), त्यावर ३५० डॉलर सेव्हिस म्हणजे विद्यार्थी नोंदणीचं शुल्क, मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज स्वतःच्या देशात किंवा कायदेशीर वास्तव्य असलेल्या देशातच करायचा आहे. तुम्हाला भारत आणि इटली दोन्ही चालतील, पण इटलीत करायचा तर पेर्मेस्सोचं कार्ड हातात हवं. मुंबईत मे ते जुलै मुलाखतीच्या तारखांसाठी झुंबड असते, म्हणून आय-२० मार्चमध्येच मागून ठेवा. वाणिज्य दूतावास बीकेसीला आहे. तुमच्याकडून ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने कुर्ला, पुढे रिक्षा. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही.

आता खरा मुद्दा. शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे ओपीटीसाठी, एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्ण वेळ शिकलेलं असावं लागतं. परदेशातल्या शाखेतलं वर्ष त्यात धरण्यासाठी त्याआधी किमान एक सत्र अमेरिकेत झालेलं हवं. तुम्ही थेट बोलोन्याला जाणार, त्यामुळे ते वर्ष मोजलं जाणार नाही. वॉशिंग्टनचं वर्ष पूर्ण केलंत की ओपीटी मिळू शकते. पण तिथून एक सत्र लवकर संपवून निघालात तर हक्क जातो. आणि पूर्ण अभ्यासक्रमच बोलोन्यात असेल तर ओपीटीचा प्रश्नच येत नाही. 'पदवी अमेरिकन आहे, म्हणजे तिथे काम करता येईल' हा समज फार जणांना महागात पडतो.

भारतातल्या मान्यतेचं: एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीचे परदेशी पात्रतांच्या समकक्षतेचे नवे नियम आले. शाखेत घेतलेलं शिक्षण चालतं, मात्र शाखा ज्या देशात आहे तिथले आणि मूळ विद्यापीठाच्या देशातले, दोन्हीकडचे नियम पाळलेले हवेत. फ्रँचायझीवर चालवलेले अभ्यासक्रम चालत नाहीत. बोलोन्याचं केंद्र विद्यापीठाचं स्वतःचं आहे हा वरच्या प्रतिसादातला तपशील इथे कामाला येतो. हॉपकिन्सला मान्यता मिडल स्टेट्स आयोगाची आहे. त्यात बोलोन्याचा समावेश असल्याचं पत्र शिकत असतानाच निबंधकांकडून घेऊन ठेवा. पुढे पीएच.डी. किंवा प्राध्यापकीसाठी अर्ज कराल तेव्हा धावपळ होणार नाही.

(नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची संकुलं येऊ घातली आहेत, त्यांना हे लागू नाही. ती २०२३ च्या वेगळ्या नियमांखाली येतात आणि तिथल्या पदवीला समकक्षता प्रमाणपत्राची गरज नाही.)

---

ताळेबंद

टीसीएसबद्दल थोडक्यात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. पतपेढीचं कर्ज यात धरत नाहीत. घरच्या पैशांतून पाठवत असाल तर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते, शिकणाऱ्यावर नाही. आई आणि वडील आपापल्या खात्यांतून पाठवू शकतात. जो विवरणपत्र भरतो त्याच्याच खात्यातून पाठवा, म्हणजे कापलेली रक्कम कराच्या हिशेबात परत मिळते. पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए-२ फॉर्मवर कारण 'शिक्षण' हेच लिहिलं आहे ना, हे सही करण्याआधी बघा.

---

खाडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं: गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि आईचं नाव असं आहे. पासपोर्टवर आईचं नाव नाही. चालेल का?

---

तीन हात नाका

चालतं, पण आत्ताच सरळ करून घ्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून त्याच्या तीन मूळ प्रती ठेवा. इटलीत सगळीकडे पासपोर्टप्रमाणे 'दिलेलं नाव' पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. कारण तिथला 'कोदिचे फिस्काले' हा कर क्रमांक नावातल्या व्यंजनांवरून बनतो. चार किंवा जास्त व्यंजनं असली तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. नुसतं 'अमित' लिहिलं तर एमटीए, 'अमित रमेश' लिहिलं तर एमआरएम. एकीकडे असं आणि दुसरीकडे तसं झालं की बँक, घराचा करार आणि विमा यांतले क्रमांक जुळत नाहीत. हा क्रमांक कर कार्यालयात फुकट मिळतो. हातात पडल्या पडल्या खिडकीवरच नाव तपासा, आणि जन्मस्थानासाठी भारताचा झेड२२२ हा संकेत आहे का तेही बघा.