सायबर सुरक्षेचा मराठी पाठ काढून टाकला गेला; आता शिकवायचे कसे आणि कुठे?

तंत्रनिकेतन_अध्यापक (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला शिकवतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. सुरक्षेविषयीचे इंग्रजी व्हिडिओ ती पाहतात, त्यातल्या आज्ञा जशाच्या तशा टंकतात, पण आपण नेमके काय केले आणि ते का घडले, हे विचारले की गप्प होतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर मराठी चॅनेल सुरू केले आणि संध्याकाळी तास संपल्यावर लॅबमध्येच बसून एकेक पाठ तयार करत गेलो.

गेल्या महिन्यात त्यातला एसक्यूएल इंजेक्शनवरचा, म्हणजे पानावरच्या चौकटीतून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या हल्ल्यावरचा, पाठ काढून टाकण्यात आला. पाठात काय होते ते सविस्तर सांगतो, म्हणजे माझे काही चुकले असेल तर तेही आपल्याला दाखवता येईल. आंतरजालाशी न जोडलेल्या एका व्हर्च्युअल मशीनवर (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या संगणकावर) आमच्याच विद्यार्थ्यांनी बनवलेले ग्रंथालयाचे लॉगिन पान होते. नावाच्या चौकटीत मी फक्त एक एकेरी अवतरणचिन्ह टाकले आणि पानाने डेटाबेसचा चूक सांगणारा सगळा संदेश, तक्त्याच्या नावासकट, पडद्यावर दाखवला. पुढच्या दोन मिनिटांत पासवर्ड न देता ग्रंथपालाचे पान उघडून दाखवले. तेवीस मिनिटांच्या पाठातली त्यापुढची चौदा मिनिटे हे भगदाड बुजवण्याची होती: आज्ञा आणि माणसाने भरलेला मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवले, म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरले, की तेच अवतरणचिन्ह निव्वळ एक अक्षर कसे होऊन बसते, हे ओळीओळीने समजावले होते. हा पाठ मी आधी वर्गात घेतला तेव्हा तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली होती, "सर, माझ्या प्रोजेक्टमध्ये मी अगदी असंच लिहिलंय." त्याच संध्याकाळी तिने सगळ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या आज्ञा, बदलल्या.

व्हिडिओ काढल्याच्या सूचनेत "हॅकिंग शिकवणारा हानिकारक व धोकादायक मजकूर" एवढेच कारण होते. मी अपील केले. ते चार तासांच्या आत फेटाळले गेले आणि चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, आली. कोणत्या मिनिटावर आक्षेप आहे हे कुणी सांगितले नाही. असा अनुभव आलेल्यांनी पुढे काय केले? हल्ल्याचा भाग गाळून फक्त उपाय शिकवावा का? की हे पाठ दुसरीकडे हलवावेत?

जालरक्षक_पुणे

सर, तुमचे संकेतस्थळ कोणते ते विचारत नाही, पण हा प्रश्न नवा नाही आणि तो तुमच्या एकट्याचाही नाही. यूट्यूबच्या बाबतीत तो २०१९ च्या जुलैमध्ये जगभर गाजला. नल बाइट नावाचे सुरक्षा शिकवणारे एक अमेरिकी चॅनेल आहे. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनासाठी त्यांनी वायफायवरून फटाके उडवण्याचा एक व्हिडिओ तयार केला होता. पण हॅकिंग शिकवत असल्याबद्दल चॅनेलवर स्ट्राइक आल्यामुळे तो चढवताच येईना. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी आवाज उठवल्यावर यूट्यूबने चूक झाल्याचे सांगून काढलेला व्हिडिओ परत ठेवला. मात्र त्या निमित्ताने लोकांनी नियम वाचला, आणि खरी अडचण तिथे दिसली. संरक्षित संगणक प्रणालींना बगल कशी द्यायची किंवा लोकांचे पासवर्ड व खासगी माहिती कशी चोरायची हे दाखवणे, असे दोन्ही प्रकार त्यात एकाच वाक्यात "किंवा" लावून बसवले होते. चोरी शिकवणे वाईट, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. पण संरक्षणाला बगल कशी दिली जाते हे दाखवणे हा तर आमचा रोजचा व्यवसाय आहे. पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात ते हेच. पुढे त्या नियमाची शब्दरचना बदलली आणि चोरी करण्याच्या किंवा गंभीर हानी पोहोचवण्याच्या हेतूचा उल्लेख त्यात आला. ही सुधारणा महत्त्वाची आहे. तरीही हेतू पाहायला माणूस लागतो, आणि एवढ्या प्रचंड प्रमाणावर व्हिडिओ चढवले जात असताना पहिली चाळणी यंत्रच लावते.

यंत्राच्या भरवशावर काय होते त्याचा एक दाखला आहे. कोविडच्या साथीत माणसे कार्यालयात येऊ शकत नव्हती, म्हणून यूट्यूबने २०२० मध्ये निवाड्याचे बरेचसे काम स्वयंचलित व्यवस्थेवर सोपवले. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत १ कोटी १० लाखांहून अधिक व्हिडिओ काढले गेले. ज्यांच्याबाबत अपील झाले त्यांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार व्हिडिओ परत ठेवावे लागले. म्हणून पहिले अपील फेटाळले गेले एवढ्यावरून आपलेच काही चुकले असे कृपया मानू नका.

आता हल्ल्याचा भाग गाळण्याबद्दल. माझे स्पष्ट मत आहे की तो गाळू नये. मी अकरा वर्षे कंपन्यांची संकेतस्थळे तपासतो. "इनपुट तपासून घ्या" हे वाक्य प्रत्येक प्रोग्रामरने ऐकलेले असते, आणि तरीही दर दोन-तीन महिन्यांनी मला तेच अवतरणचिन्ह चालणारे एखादे पान सापडतेच. ज्याने स्वतःचे पान आपल्या डोळ्यांदेखत फुटताना पाहिले आहे, तो ती चूक पुन्हा करत नाही. तुमच्या विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळी क्वेरी बदलल्या त्या यामुळेच. शिवाय हे काही गुपित नाही. ही युक्ती १९९८ मध्येच जाहीरपणे मांडली गेली. संकेतस्थळांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन २०१०, २०१३ आणि २०१७ अशा तिन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर होते आणि २०२१ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर आले. हल्लेखोराला हे मराठी पाठातून शिकायची गरज नाही. गरज आहे ती बचाव करणाऱ्याला, आणि त्याच्यासाठी मराठीत फारच थोडे उपलब्ध आहे.

मांडणीत मात्र काही गोष्टी सांभाळता येतात. पाठाचे शीर्षक काय होते ते तुम्ही लिहिले नाही. "लॉगिन पान कसे फोडावे" अशा धर्तीचे असेल, तर यंत्राला आणि घाईतल्या तपासनिसालाही तेवढेच दिसते. "ग्रंथालयाचे लॉगिन पान सुरक्षित करणे" हे शीर्षक अधिक खरे आहे, कारण तेवीसपैकी चौदा मिनिटे तुम्ही तेच करत आहात. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातच व्हर्च्युअल मशीन दाखवा, नेटवर्क तोडलेले दाखवा आणि हे पान कुणी बनवले ते सांगा. हे शब्द फक्त वर्णनात लिहून भागत नाही; ते पडद्यावर दिसले पाहिजेत आणि तुमच्या तोंडून ऐकू आले पाहिजेत. अपिलाची संधी अजून शिल्लक असेल, तर भावना बाजूला ठेवून मिनिटांचे आकडे द्या: अमुक ते अमुक मिनिट हल्ल्याचे प्रात्यक्षिक, स्वतःच्या यंत्रावर, अमुक ते अमुक मिनिट दुरुस्ती. आणि तोच व्हिडिओ नाव बदलून पुन्हा चढवू नका. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होते. इतरत्रही थोडेफार असेच नियम असतात.

निवृत्त_बँक_अधिकारी

अध्यापकांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडतो. सहकारी बँकेत चौतीस वर्षे काम केले. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी फसवणूक झालेल्यांच्या तक्रारी लिहून देतो. मागच्या वर्षी एका आजींच्या खात्यातून त्यांच्या नातवाच्या ओळखीच्याच एका मुलाने पैसे काढले. बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान कसे बनवायचे हे त्याने व्हिडिओ पाहून शिकल्याचे पोलिसांसमोर सांगितले. त्या आजी माझ्यासमोर बसून पासबुकाची पाने पुन्हा पुन्हा उलटत होत्या. "बायकोचे व्हॉट्सअॅप कसे वाचावे" असल्या मथळ्यांचे व्हिडिओ मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते काढले गेले पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण तुमचा पाठ त्या जातीचा नाही, हेही मला तितक्याच स्पष्टपणे दिसते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले; २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रक्कम काढली गेली. त्यानंतरचे कित्येक महिने आम्हा छोट्या बँकांतले लोक एकमेकांना एकच विचारत होतो: आपली यंत्रणा समजणारा, तिची कसून परीक्षा घेणारा माणूस आपल्याकडे कोण आहे? तालुक्याच्या गावातल्या बँकेला असा माणूस परवडत नव्हता आणि सापडतही नव्हता. तो तुमच्याच वर्गातून येणार आहे. म्हणून माझी विनंती एवढीच, की पाठात एक मिनिट कायद्यासाठी ठेवा. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मुलांच्या कानावर दर वेळी पडू द्या.

मुक्ता_म्युनिक

जर्मनीत हाच वाद थेट कायद्यावरून झाला होता, तो सांगण्यासारखा आहे. २००७ मध्ये इथल्या दंडसंहितेत कलम २०२-सी आले. संगणकीय गुन्हा करणे हाच ज्यांचा उद्देश आहे अशी साधने बनवणे, मिळवणे किंवा वाटणे त्याने गुन्हा ठरवले. सुरक्षा क्षेत्रातले लोक घाबरले, कारण नेटवर्क तपासायचे साधन आणि नेटवर्क फोडायचे साधन बहुधा एकच असते. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले. तक्रारदारांत सुरक्षा सेवा देणाऱ्या कंपनीचा एक संचालक होता आणि सर, तुमच्यासारखेच विद्यार्थ्यांना अशी साधने पुरवणारे एक प्राध्यापकही होते. २००९ मध्ये न्यायालयाने तक्रारी दाखल करून घेतल्या नाहीत, पण कारण देताना महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही कामांना उपयोगी पडणारे साधन केवळ तेवढ्यावरून या कलमाखाली येत नाही, ते गुन्ह्यासाठीच घडवलेले असले पाहिजे. व्हिडिओ संकेतस्थळांनी हाच निकष लावावा असे मला मनापासून वाटते. प्रात्यक्षिक कुणाच्या यंत्रावर आहे, त्याच्या परवानगीने आहे का आणि ते कशासाठी आहे, हे तीन प्रश्न विचारायला तेवीस मिनिटे पुरेशी असतात.

दुसरीकडे हलवण्याबद्दल: इथल्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने आपल्या वार्षिक संमेलनातल्या व्याख्यानांचे व्हिडिओ स्वतःच्याच संकेतस्थळावर ठेवले आहेत, ती कुणीही मोफत पाहू किंवा उतरवून घेऊ शकतो. पीअरट्यूब हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे, ज्यावर एखादी संस्था स्वतःचा व्हिडिओ मंच चालवू शकते. मात्र तिथे तुमचा पाठ शोधत कुणी आपोआप येणार नाही. विद्यार्थी जिथे आधीच आहेत, तिथला हक्क सोडू नका. मूळ प्रत मात्र आपल्या ताब्यात ठेवा.

वकील_नागपूर

थोडक्यात लिहितो. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने नियम ३ मधल्या (कोणता मजकूर चालणार नाही ते सांगणाऱ्या) कारणांवरून स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला आधी कारणासह कळवायचे असते आणि म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यायची असते. "हानिकारक मजकूर" एवढ्या दोन शब्दांना कारण म्हणता येईल का, हाच तुमचा मुद्दा असला पाहिजे. त्या संकेतस्थळाच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथल्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. या समित्या २०२३ मध्ये स्थापन झाल्या, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. काढल्याची सूचना, अपील आणि त्याचे उत्तर यांचे पडदाचित्र (स्क्रीनशॉट) तारखेसह आजच जपून ठेवा.

तंत्रनिकेतन_अध्यापक

सर्वांचे मनापासून आभार. जालरक्षक, शीर्षकाबद्दल तुमचा अंदाज बरोबर निघाला. "पासवर्डशिवाय लॉगिन: पाहा कसे होते" असे शीर्षक मी मुलांचे लक्ष वेधण्यासाठी दिले होते. पाठ काढण्याला ते पुरेसे कारण आहे असे मी आजही मानत नाही, पण ते पाठाशी प्रामाणिक नव्हते आणि ते मी बदलतो आहे.

हल्ल्याचा भाग ठेवणार. काल लॅबमध्ये पाठ नव्याने चित्रित केला. सुरुवातीला कॅमेरा मशीनच्या मागे नेऊन नेटवर्कची काढून ठेवलेली वायर दाखवली, मग पान बनवणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितले की हे आमचे आहे आणि सरांना तपासायची परवानगी आम्ही दिली आहे. बँक अधिकारी साहेब, कलम ६६ त्यांच्याच तोंडून वदवून घेतले आहे. ती विद्यार्थिनी यंदा शिकाऊ म्हणून एका कंपनीत जाते; तिने आपली जुनी आणि नवी क्वेरी शेजारी शेजारी ठेवून दाखवायला होकार दिला, त्यामुळे दुरुस्तीचा भाग आता अठरा मिनिटांचा झाला आहे.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला आज सकाळी पत्र पाठवले. त्यात आक्षेप नेमका कोणत्या मिनिटावर आहे, एवढाच प्रश्न विचारला आहे. उत्तर येईपर्यंत नवा पाठ चढवणार नाही; तो पेन ड्राइव्हवर घालून जिल्ह्यातल्या ओळखीच्या शिक्षकांकडे पाठवतो आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी इथेच कळवावे. वकील साहेब, उत्तर आले की ते इथे शब्दशः टाकतो, म्हणजे समितीकडे जाण्याचे तीस दिवस कधीपासून मोजायचे ते आपण सांगू शकाल.