डिझेलचा काटा उलटा फिरतोय, मीटर बदलू का?

देवबागचो_दर्या:
मंडळी, देवबागला माझी डॉल्फिन दाखवायची फायबरची बोट आहे. डिझेल इंजिन, १२० लिटरची टाकी. पावसाळ्यात बोट वर ओढली तेव्हा टाकीतला फ्लोट गंजलेला दिसला, म्हणून मेकॅनिककडून नवा बसवून घेतला. सीझन सुरू झाल्यावर टाकी गच्च भरली, तर काटा तळाशी. म्हटलं, नवा आहे, बसेल जागेवर. परवा कर्लीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं तेव्हा काटा ‘फुल्ल’ दाखवत होता! बोटीत सहा पाहुणे. शेजारच्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं, अख्ख्या बंदराने बघितलं. मेकॅनिक म्हणतो मीटर गेला, नवा घ्या. घेऊ?

मालवणी_तिखट:
अर्थिंग बघ रे आधी. खाऱ्या वाऱ्यान तारेक हिरवो चढता. माझ्या होडयेचो काटो असोच नाचत होतो. घासून साफ केलंय, व्हॅसलीन लावलंय, गप बसलो.

हर्णै_बंदर:
तिखटभाऊंचं बरोबर आहे, बऱ्याच बोटींत रोग अर्थचाच असतो. पण अर्थ खराब असला की काटा अडखळतो, नाहीतर कमी-जास्त दाखवतो. शिस्तीत उलटा चालत नाही. दर्यादादा, तुमचा फ्लोट आणि मीटर वेगवेगळ्या जातीचे दिसतात.

बाजारात दोन जाती जास्त मिळतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना सेंडर, म्हणजे टाकीतला फ्लोटवाला भाग, २४० ओहम रोध देतो आणि भरल्यावर ३३. युरोपियन पद्धतीत रिकामीला १० आणि भरलीला १८०. म्हणजे एकाचा आकडा उतरतो, दुसऱ्याचा चढतो. चुकीची जोडी जमली की काटा उलटाच फिरणार.

खात्री अशी करा. चावी ऑन करून मीटरच्या मागची सेंडरची वायर काढा. काटा ‘रिकामी’वर पडला, आणि त्याच टर्मिनलला अर्थ दिल्यावर ‘फुल्ल’वर गेला, तर मीटर अमेरिकन आहे आणि धडधाकट आहे. हे डॅशबोर्डपाशीच करा, टाकीच्या तोंडाशी नाही. पेट्रोलची बोट असेल तर तिथे ठिणगी म्हणजे खेळ खलास. मग चावी बंद ठेवून सेंडर मल्टीमीटरने मोजा.

काडीपैलवान:
आमच्या आजोबांच्या मचव्यावर मीटर नव्हता. वेळूची काठी होती. ती कधी उलटी फिरली नाही 😄

देवबागचो_दर्या:
केलं सगळं. वायर काढली, काटा खाली. अर्थ दिला, काटा वर. टाकी भरलेली होती, सेंडरवर १७६ ओहम आले. म्हणजे फ्लोट युरोपियन. मीटर बिचारा निर्दोष, आणि मेकॅनिक त्यालाच फाशी देत होता! आता फ्लोट परत बदलू?

हर्णै_बंदर:
नको. फ्लोट नवा आहे, टाकी पुन्हा उघडायची, गॅस्केट पुन्हा बसवायचं, कशाला? १०-१८० चा मीटर आणा, डॅशबोर्डवर दोन नट सोडले की काम झालं. दुकानात ‘बोटीचा मीटर’ एवढंच सांगू नका, आकडे सांगा. मेकॅनिकनेही नेमकं तेच विचारलं नसणार. हातासरशी टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली वायर टाका, साधं तांबं खाऱ्या हवेत फार टिकत नाही.

मालवणी_तिखट:
आणि व्हॅसलीन.

हर्णै_बंदर:
हो, व्हॅसलीनही 🙂 अजून एक. काटा सरळ झाला तरी अर्ध्यावर आला म्हणजे ६० लिटर राहिले असं धरू नका. सेंडर उंची मोजतो, लिटर नाही. बोटीच्या पोटाला धरून टाकी खाली निमुळती असेल तर अर्ध्या उंचीला निम्म्याहून बरंच कमी डिझेल असतं. जवळजवळ रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओता, दर वेळी काडीपैलवानांची काठी बुडवा आणि खूण करा. काट्याची जागाही लिहून ठेवा. बोट धक्क्याला सरळ उभी असताना करा. धावताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, डिझेल मागे सरकतं आणि काटा खोटं बोलतो.

देवबागचो_दर्या:
नवा मीटर बसवला, काटा सुतासारखा सरळ. काल काठीवर खुणा केल्या. अर्ध्या काट्याला ४३ लिटर! इतकी वर्षं मी ६० समजत होतो. आता घरून एक प्रश्न आलाय, काठी सागाची की वेळूची?

काडीपैलवान:
वेळूची. सागाची परवडणार नाही, मीटर घेतलात ना.