पावसात उभं विमान, टाकीत पाणी – सॅम्पल क्लिअर दिसलं म्हणजे झालं का?

सोलो_झाला
मंडळी नमस्कार, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतोय, सेस्ना १५२ (छोटं ट्रेनर विमान) वर साधारण ४० तास झालेत. हँगरमध्ये जागा नव्हती म्हणून आमचं विमान तीन दिवस बाहेर पावसात उभं होतं. काल सकाळी प्रीफ्लाइटला (उडण्याआधीच्या तपासणीला) मी डाव्या पंखाखाली टेस्टर (फ्युएल काढून बघायचा कप) लावून सॅम्पल काढलं, एकदम क्लिअर, खाली थेंब नाही की रेष नाही, कचरा नाही. मी ओके म्हणून ओतायला निघालो तेवढ्यात इन्स्ट्रक्टर सरांनी कप हातातून घेतला, वास घेतला आणि म्हणाले अरे हे फ्युएलच नाहीये, सगळंच्या सगळं पाणी आहे! नंतर पाच कप काढले तेव्हा कुठे निळं यायला लागलं. रात्रभर झोप नाही आली खरंच. मी एकटा असतो तर त्याच विमानात बसलो असतो. तर विचारायचं हे की हे ओळखायचं कसं, आणि पाणी शिरलं कुठून? आदल्या दिवशी कोणी फ्युएल पण भरलं नव्हतं.

जुना_एएमई
आधी तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. पाणी फ्युएलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि ड्रेनमधून पहिलं तेच येतं. पाणी थोडं असेल तर कपात खाली वेगळा थेंब किंवा रेष दिसते, पण कपभर पाणीच आलं तर रेष येणार कुठून? दोन वेगळ्या गोष्टी असतील तरच रेष दिसते ना. म्हणून "क्लिअर आहे का" हा प्रश्न अर्धाच आहे, "निळं आहे का" हे आधी बघायचं. १००एलएल मध्ये (छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे अ‍ॅव्हगॅसमध्ये) निळा रंग मुद्दाम घातलेला असतो, पण तो फिका असतो, त्यामुळे कप आकाशाकडे धरून बघू नकोस, आकाशाच्या निळाईने पाणीही निळसर भासतं. पांढऱ्या पंखासमोर नाहीतर कोऱ्या कागदासमोर धर. तरी शंका आली तर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब कपात सोड, मणी होऊन खाली गेला तर फ्युएल, मिसळून गायब झाला तर कपात पाणीच आहे.

शिरलं कुठून म्हणशील तर बहुतेक टाकीच्या कॅपमधून. रबरी सील कडक होतं, चिरतं, कॅप पंखाच्या वरच्या बाजूला, त्यावर पाऊस साचतो आणि हळूहळू आत जातो. आणि अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतला ओलावा भिंतींवर धरतो, ते वेगळंच. म्हणून शेवटच्या फ्लाइटनंतर टाकी फुल करून ठेवावी म्हणतात. १५२ मध्ये दोन धट्टीकट्टी माणसं आणि फुल टाकी वजनात बसत नाही, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये ते दर वेळी जमत नाही हेही मान्य आहे.

पण पाच कप पाणी निघालं म्हणजे ड्रेन करून उडायचा विषयच नाही. स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहा, एएमईला (विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरला) सांगा, दोन्ही टाक्या, स्ट्रेनर (फ्युएलची गाळणी) आणि कार्ब्युरेटरचा बाउल सगळं बघू दे. पंख हलवून, थोडं थांबून पुन्हा ड्रेन करायचं, कारण टाकीत कोपऱ्यात अडकलेलं पाणी पहिल्या झटक्यात येत नाही. ते येतं टेकऑफला नाक वर केल्यावर.

मस्कतकर
मी एटीएफच्या (जेट विमानांच्या इंधनाच्या, म्हणजे जेट ए-१ च्या) बाजूचा माणूस, बाउझरवर (विमानात फ्युएल भरणाऱ्या टँकरवर) १४ वर्षं झाली. आमच्याकडे अजून अवघड, जेट ए-१ ला असा रंग नसतो आणि ते अ‍ॅव्हगॅसपेक्षा जड, त्यामुळे पाणी लवकर खाली बसत नाही, बारीक धुक्यासारखं तरंगत राहतं आणि नुसत्या डोळ्याला दर वेळी दिसतंच असं नाही. म्हणून रोज सकाळी बाउझरचा सम्प (टाकीच्या तळाचं फ्युएल) काढून काचेच्या बरणीत बघतो आणि वर सिरिंजला वॉटर डिटेक्टरची कॅप्सूल लावून ५ मिली ओढतो. पिवळा कागद हिरवा झाला की काम बंद. नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवतो की कॅप्सूल काढली की डबीचं झाकण लगेच लाव, नाहीतर इथल्या दमट हवेनेच बाकीच्या खराब होतील. वैतागतात, पण शिकतात.

एवढं का करायचं तर १३ एप्रिल २०१० ला सुराबायाहून हाँगकाँगला निघालेलं कॅथे पॅसिफिकचं ए३३० आठवा. सुराबायाला हायड्रंट लाइनच्या (विमानतळावरच्या जमिनीखालच्या फ्युएल पाइपच्या) कामात खारं पाणी आत गेलं होतं, त्याने फिल्टरमधला पाणी शोषणारा पदार्थ सुटला आणि त्याचे बारीक गोळे इंजिनाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसले. दोन्ही इंजिनं ऐकेनात, एकाचा जोर कमीच होईना, प्रचंड वेगाने उतरवावं लागलं. जीव सगळ्यांचे वाचले, पायलटांना सलाम. पण चूक झाली ती जमिनीवर, आमच्या लोकांच्या हद्दीत.

डायमंड_गर्ल
आमचं डीए४२ (दोन इंजिनांचं छोटं विमान) जेट ए-१ वर चालतं. मागच्या महिन्यात सॅम्पलमध्ये तपकिरी धागे दिसले, ते काय असतं?

जुना_एएमई
ताई, ती बहुतेक बुरशी. फ्युएल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढते, पाणी नसेल तर तिला जगता येत नाही. बुळबुळीत थर धरतो, फिल्टर तुंबतो, गेज चुकीचं दाखवू शकतं आणि तिच्या आम्लाने टाकीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. लगेच कळव. औषध असतं पण प्रमाण चुकलं तर तेच इंजिन बंद पाडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये गॅटविकहून उडालेल्या एका ए३२१ मध्ये प्रमाणाच्या ३८ पट औषध पडलं होतं आणि टेकऑफनंतर दोन्ही इंजिनं अडखळली, कसंबसं परत उतरवलं. त्यामुळे स्वतःच्या अंदाजाने कोणी काही ओतायचं नाही.

सोलो_झाला
काका, खूप खूप आभार. आज सांगितलं तसं केलं. उजव्या कॅपचं सील ठीक होतं, डाव्याचं नखाने दाबलं तर सरळ तुकडा निघाला. नवीन येईपर्यंत विमान ग्राउंड केलंय. अजून एक, काढलेलं सॅम्पल आम्ही सगळे अ‍ॅप्रनवरच (विमानं उभी करायच्या जागेवरच) फेकतो, ते चालतं का?

मस्कतकर
नाही रे बाबा. झाकणाचा कॅन ठेवा, त्यात ओता, आणि त्यावर मोठ्या अक्षरात "खराब फ्युएल" लिहा, नाहीतर कोणीतरी चांगलं समजून परत टाकीत घालेल.