साडेचार वर्षांच्या मुलीला स्वतः करता येईल अशी भोंडल्याची खिरापत सुचवा

रांगोळीचा हत्ती

नमस्कार. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नवरात्रातल्या शनिवारी संध्याकाळी भोंडला होतो आणि पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायला लहानमोठ्या मिळून २२ ते २५ मुली जमतात. यंदा एक खिरापत आमच्या घरची आहे, आणि ती आपण एकटीनेच करणार असे माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीने जाहीर करून टाकले आहे. गेल्या वर्षी मी साजूक तुपातला शिरा केला होता. डब्याचे झाकण उघडण्यापूर्वीच एका मुलीने तो वासावरून ओळखला आणि आमची कन्या रात्री झोपेपर्यंत त्या मुलीवर रुसून बसली होती.

माझी अडचण अशी की, आजवर मी स्वयंपाक करताना तिला ओट्याजवळ बसवून हातात कणकेचा गोळा देत आले. ही फसवणूक आहे हे आता तिला कळू लागले आहे. परवा तिने स्वतः लाटलेली पोळी तव्यावर टाकण्याचा हट्ट धरला, आणि ती पोळी राखाडी रंगाची झाली होती तरी सगळ्यांना तुकडा तुकडा वाटून खायला लावली. तेव्हा जिच्यात तिचे काम खरोखरीचे असेल, विस्तवाजवळ जावे लागणार नाही आणि जी चटकन ओळखू येणार नाही, अशी खिरापत हवी आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. तिच्या पोटात कोणतेही गुपित अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही. त्यावर कोणाकडे काही उपाय आहे का?

माजघर

ताई, दडपे पोहे करा. आम्ही कोकणातली माणसे असल्यामुळे हे नाव माझ्या तोंडी पहिल्यांदा येणारच. परंतु तुमच्या तिन्ही अटी पूर्ण करणारा दुसरा पदार्थ मला खरोखरच आठवत नाही. यात विस्तवाचे काम फक्त फोडणीपुरते असते आणि ती तुम्ही आधी करून पूर्ण गार करून ठेवू शकता. बाकीचे सगळे काम हातांचे आहे, तेही लहान हातांना जमणारे.

पाव किलो पातळ पोह्यांना एक मध्यम नारळ धरावा. तुमच्याकडच्या मुलींसाठी अर्धा किलो पोहे आणि दोन नारळ पुरतील, कारण खिरापत द्रोणभर द्यायची असते, ताटभर नाही. नारळ तुम्ही फोडा आणि खवा, मात्र आतले पाणी भांड्यात धरून तिच्या ताब्यात द्या. पोह्यांवर ते पाणी बोटांनी शिंपडायचे, खोबरे पसरायचे, लिंबे पिळायची, बिया शोधून काढायच्या, मीठ-साखर भुरभुरवायची आणि दोन्ही हातांनी सगळे कालवायचे, एवढे काम तिचे. कांदा, मिरची आणि कोथिंबीर तुम्ही चिरून द्या. मात्र मिरचीला तिचे हात लागू देऊ नका, नाही तर तेच हात डोळ्यांना लागतील. मिरची फोडणीत घालून ती फोडणी शेवटी तुम्हीच चमच्याने कालवली की हा प्रश्नच उरत नाही आणि ज्या मुलीला तिखट नको असेल तिला ती वेचूनही टाकता येते. शेवटी पातेल्यावर ताट आणि ताटावर वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटे दडपायचे. लहान मुलांना हा भाग सर्वांत आवडतो, कारण वजन कशाचे ठेवायचे हे त्यांना ठरवता येते.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओले खोबरे आणि कच्चा कांदा एकत्र कालवून तासन्‌तास ठेवता येत नाही. भोंडला सहाला असेल तर साडेचारच्या आधी कालवू नका. सकाळपासून मुलगी मागे लागेल. तेवढा वेळ तिला पोहे चाळून निवडायला द्यावेत.

कणकेच्या गोळ्याबद्दल तुम्ही लिहिले ते अगदी पटले. आमच्याकडे गणेशचतुर्थीला मोदक झाले की उरलेल्या उकडीत मिरची, जिरे, कोथिंबीर घालून निवग्र्या करतात, आणि त्या थापण्याचे काम पूर्वापार घरातल्या धाकट्या मुलांकडे असते. कितीही वेड्यावाकड्या थापल्या तरी त्या वाफवल्या जातात आणि तेलाबरोबर मोठी माणसे त्या आवडीने खातात. माझा नातू मोदकांकडे ढुंकूनही पाहत नाही, पण आपली निवगरी कोणी खाल्ली याची चौकशी दोन दिवस करत असतो.

खलबत्ता

आम्ही अमरावतीचे. आमच्याकडे भोंडल्याऐवजी भुलाबाई बसतात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, आणि गाणी संपल्यावर खाऊ ओळखण्याचा खेळ तिथेही तितक्याच चुरशीने चालतो. त्या अनुभवावरून सांगते की पदार्थ निवडताना वासाइतकाच आवाजाचाही विचार करावा. डबा कानाशी नेऊन हलवणाऱ्या मुली फार तयार असतात. लाडू गडगडतात, चिवडा सळसळतो, शंकरपाळे खडखडतात. दडपे पोहे मुळीच आवाज करीत नाहीत, आणि आवाज न येणे हीसुद्धा त्या मुलींच्या दृष्टीने खूणच असते. माझी आई शिऱ्याच्या डब्यात वरून एक छोटी रिकामी वाटी आणि चमचा ठेवीत असे. सगळ्या मुली बत्तासे, रेवड्या, साखरफुटाणे म्हणत बसायच्या आणि आई गालातल्या गालात हसायची. याला कोणी लबाडी म्हणेल, परंतु आमच्या गल्लीत ती सर्वमान्य होती.

गुपिताबद्दल माझे मत असे आहे की ते राखायला तिला सांगूच नये. साडेचार वर्षांच्या मुलीला आनंद झाला की तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही आणि त्यासाठी तिला रागावणे बरे नव्हे. त्याऐवजी पदार्थाला तिलाच एखादे नाव ठेवू द्या आणि घरात सगळ्यांनी तेच नाव वापरा. मग तिने ते गावभर सांगितले तरी काही बिघडत नाही.

तीन शिट्ट्या

मी एका पाच वर्षांच्या मुलाचा बाप आहे आणि आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. वरच्या कृतीत शेंगदाण्यांचा उल्लेख नाही, परंतु अनेक घरी दडप्या पोह्यांच्या फोडणीत ते घालतात, म्हणून मुद्दाम लिहितो. फेरात लहान मुली असतील तर शेंगदाणे टाळावेत. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत असे डॉक्टर सांगतात. शिवाय कोणाला दाण्याची किंवा अन्य कशाची अॅलर्जी आहे का, हे त्यांच्या आयांना आधी विचारून घेतलेले बरे.

आणखी एक अनुभव. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी पोह्याचे लाडू केले होते, म्हणजे पोहे भाजून दळण्याचे काम माझे आणि गूळ-तूप घालून वळण्याचे त्याचे. त्याच्या मुठीत सुपारीएवढेच लाडू वळले जात होते, पण ते ४० झाले. शेजारी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो डबा पोटाशी धरून दारातच बसला. मी समजावण्याच्या भरात बरेच भाषण केले आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. शेवटी त्याच्या आईने त्याच्यासाठी पाच लाडू वेगळ्या वाटीत काढून ठेवले, ती वाटी त्याला दाखवली, आणि उरलेला डबा त्याने स्वतः घरोघर नेला. तेव्हा मुलीचा वाटा आधी काढून ठेवा, हे माझे कळकळीचे सांगणे.

रांगोळीचा हत्ती

सर्वांचे आभार. माजघर आजी, पोहे दडपल्यावर कोरडे वाटले तर काय करावे?

माजघर

थोडे नारळाचे पाणी बाजूला राखून ठेवावे आणि वाढण्यापूर्वी शिंपडावे. एकदम फार घालू नका, पोहे गिळगिळीत होतात.

रांगोळीचा हत्ती

भोंडला काल पार पडला, म्हणून कळवते.

मुलीने गुरुवारीच 'ढगांचा खाऊ' असे नाव ठेवले आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते दोन मैत्रिणींना, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका काकूंना आणि आमच्या वॉचमनकाकांना सांगून टाकले. नारळाचे निम्मे पाणी पोह्यांवर आणि निम्मे फरशीवर शिंपडले गेले, त्यामुळे आजींनी राखून ठेवायला सांगितलेले पाणी राहिलेच नाही. सुदैवाने खोबरे रसाळ होते. लिंबाच्या बिया तिने मोजून काढल्या, त्या ११ निघाल्या. दडपण्यासाठी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि वीस मिनिटे ती त्याच्याशेजारी पहारा देत बसली. एरवी ती जेवायलासुद्धा एवढा वेळ एका जागी बसत नाही.

चमच्याची युक्ती अपेक्षेपेक्षा जास्त चालली. मोठ्या मुलींनी बत्तासे, पेढे, चिवडा, शेवटी कंटाळून गुलाबजामसुद्धा म्हणून पाहिले. मात्र त्या दोन मैत्रिणी पहिल्यापासून "ढगांचा खाऊ" असे ओरडत होत्या आणि त्यांच्याकडे कोणीच लक्ष देत नव्हते. सगळ्या हरल्यावर माझ्या मुलीने या दोघीच जिंकल्या असा निकाल दिला. तो योग्य होता की नाही, यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांमध्ये अजून मतभेद आहेत. द्रोण मात्र तिने एकेक करून स्वतः वाटले आणि घरी वाटी काढून ठेवलेली असल्यामुळे डबा रिकामा झाला तरी डोळ्यांत पाणी आले नाही. त्या सूचनेबद्दल विशेष आभार.

दुसरी एक वाटी वॉचमनकाकांसाठी ठेवली होती. ती द्यायला आम्ही दोघी रात्री खाली गेलो. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "हे तर दडपे पोहे. आमच्या गावाकडे नेहमी करतात." आता ती त्यांच्यावर रुसली आहे.