मदत हवी आहे : इतरांमधील चांगले पाहण्याची सवय कशी लावावी?

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) गायकवृंदाची जबाबदारी गेली 6 वर्षे माझ्याकडे आहे आणि माझा कान आधी चुकलेल्या सुराकडेच वळतो, माणसांच्या बाबतीतही तसेच होते, हे मला आता खटकू लागले आहे. नेहमी उशिरा येणाऱ्या ज्या ताईंवर मी मनातल्या मनात चिडत असे, त्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना जेवू घालून येतात, हे मला 2 वर्षांनी आणि तेही दुसऱ्यांकडून कळले.

बायबलमधील मत्तय 7 मधील कुसळ आणि मुसळ (भावाच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही) मला पाठ आहे (दुसऱ्यांना ऐकवण्यापुरते तर उत्तम). मात्र प्रेषित पौलाची रीत मला अधिक अवघड वाटते. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, भावाभावांची भांडणे न्यायालयापर्यंत गेली होती, तरीही त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो चौथ्या वचनापासून त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि त्यांच्या कलहाकडे दहाव्या वचनात वळतो.

मी रोज रात्रीच्या प्रार्थनेत एकेका सभासदाचे नाव घेऊन त्याच्यातील एका गुणाबद्दल आभार मानण्याचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री त्याचे रूपांतर तक्रारींत झाले.

आपल्यापैकी कोणी अशी सवय टिकवली असल्यास ती कशी टिकवली, आणि ज्याची चूक खरोखर सांगणे भाग आहे त्याच्याशी आपण कसे बोलता, हे कृपया सविस्तर लिहावे.