मदत हवी आहे: याखिमोवला कुणी गेलंय का?

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी व्हारीला जातोय. तिथून जवळच याखिमोव आहे, जर्मन सीमेलगतच्या डोंगरातलं छोटंसं गाव. १५२०च्या सुमारास इथल्या चांदीची जी नाणी पाडली, त्यांच्या 'थालर' नावावरूनच पुढे 'डॉलर' आला! क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं तेही इथल्याच पिचब्लेंडमधून, म्हणजे युरेनियमच्या खनिजातून. आणि कम्युनिस्ट राजवटीत राजकीय कैद्यांना इथल्याच युरेनियमच्या खाणींत राबवलं. मला तो भाग जास्त बघायचाय. बाबांना अर्थातच नाणी.

जुन्या टांकसाळीतलं संग्रहालय बघायला किती वेळ लागतो? कैद्यांच्या छावण्यांच्या खुणांपर्यंत चढ बराच आहे का? आईचे गुडघे दुखतात. बसने जावं की टॅक्सी करावी? आणि हो, रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या पाण्याचे उपचार कुणी घेतलेत का? आई आत्तापासूनच घाबरलीय.